तीन वाजताचा आवाज

१

सन २०२२. त्या वर्षी नागपंचमी मंगळवारी आली होती आणि येत्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसायची होती. जळगावात घरोघरी भिंती पुसल्या जात होत्या, पितळ घासलं जात होतं. अशा दिवसांत एकट्या माणसाच्या घरात फार लवकर स्वच्छता होते. इंदिराबाई बोरसे यांची तर दोन तासांत आटोपली होती. बुधवारी सकाळी नऊ वाजता त्या रिकाम्या हातांनी पलंगावर बसल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

"अक्का, मी सारिका बोलतेय, मंडळातून. तोतारामनानांचा आवाज गेला."

"आवाज जाऊन दीड वर्ष झालं गं त्यांचा."

"तो नाही, अक्का. मशीनमधला."

इंदिराबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. टेलिफोन खात्याच्या संगणक विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत आणि युनिक्सचं यंत्र कपाटाएवढं असे, तेव्हापासूनची ती नोकरी. पती जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी भूमिका कॅनडात होती आणि दर रविवारी तिचा फोन येई. एरवी त्यांच्याकडे येणारा फोन चुकीचा नंबर तरी असे, नाहीतर गॅसवाला.

मंडळ म्हणजे तापीकाठ केळी बागायतदार मंडळ. २०१४च्या उन्हाळ्यात इंदिराबाईंनीच तिथे एक सर्व्हर उभा करून दिला होता. शेतकऱ्याने एक नंबर लावायचा, आकडा दाबायचा, की केळीच्या त्या त्या रोगावर सल्ला ऐकू यायचा. सल्ला असोद्याच्या तोताराम भंगाळे यांचा. त्यांनी केळीत चाळीस वर्षं घालवली होती आणि लिहायचा त्यांना भारी कंटाळा. मग इंदिराबाई रोज दुपारी मायक्रोफोन धरून समोर बसत आणि नाना बोलत. असे चौदा तास भरले होते. सगळे एकाच मोठ्या फायलीत.

गेल्या वर्षी पौषात नानांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यामुळे ते चौदा तास आता पुन्हा भरता येणार नव्हते.

इंदिराबाईंनी चष्मा घेतला, कुलूप घातलं आणि जिना उतरल्या.

२

मंडळाची कचेरी बळीराम पेठेत, पहिल्या मजल्यावर होती. सारिका दारातच उभी होती. हातावर पंचमीची मेंदी, डोळे सुजलेले. ती शिंदखेड्याकडची, म्हणजे इंदिराबाईंच्या सासरच्या मुलखातली. एकान्तात दोघी अहिराणीवर येत.

"मी नही काढी ती फाईल, अक्का. माय नी आन."

"माले म्हाईत शे. आधी डोळे पूस. काय काय झालं ते पहिल्यापासून सांग."

झालं होतं ते असं. काही दिवसांपासून डिस्क भरत आली होती. सोमवारी तर ती पूर्ण भरली आणि नव्या सभासदांचे अर्ज साठवून घेईना. मंगळवारी सकाळी सारिकाने काय काढून टाकता येईल म्हणून पाहिलं, तर यादीत नानांच्या फायलीचं नावच नव्हतं.

"दुसरी प्रत?"

"शेजारच्या खोलीतल्या मशीनवर रोज पहाटे आपोआप प्रत होते. पण ती आरशासारखी आहे, अक्का. इथे जे नाही ते तिथूनही काढून टाकते. सोमवारी इथून गेली, मंगळवारी पहाटे तिथूनही गेली."

"आरशात बघून कुणी दागिने जपून ठेवतं का गं?" इंदिराबाई म्हणाल्या. पण ती आज्ञा त्यांनीच आठ वर्षांपूर्वी लिहिली होती.

आतून मंडळाचे नवे सचिव ललित महाले आले. वय चौतीस, धुळ्यातल्या मोटरसायकल शोरूमवाल्यांचा मुलगा. शर्टाची इस्त्री कडक आणि बोलणंही तसंच.

"मॅडम, तुम्हाला उगाच त्रास दिला. सोमवारी यंत्रात शिरलेलं नाव सारिकाचं आहे, हे दिसतंय. चुकून झालं असेल, पण जबाबदारी तर घ्यावी लागेल ना. कानबाई झाली की दुसरी मुलगी बघतो."

"आणि आवाज?"

"गेला तो गेला. मी सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकलाय, लाइन बंद झाली म्हणून. आता नवं अ‍ॅप येतंय, आवाज मशीनच तयार करतं. उद्या अकराला माझा कॉम्प्युटरवाला येईल. हे बंद करून परत चालू करेल आणि मग साफ पुसून टाकेल. म्हातारं झालंय ते."

"म्हातारं झालं म्हणजे पुसून टाकायचं असतं का, ललितभाऊ?"

ललित जरा ओशाळला. "तसं नाही हो. आणि खरं सांगू? नानांच्या घरच्यांनीच नेली असेल. पुतणे येत असतात कचेरीत."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक आडव्या बांध्याचा माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. रावेरचे प्रेमराज चौधरी, वय साठ, मंडळाचे सदस्य. गेल्या चैत्रापासून ते रोज दुपारी सारिकाकडे संगणक शिकायला येत. नातवंडांनी हसू नये म्हणून, असं ते स्वतःच सांगत. आज ते सकाळीच आले होते.

"घ्या अक्का, बागेतली केळी आहेत." त्यांनी पिशवी पुढे केली. स्वतः मात्र समोरच्या चहाला हात लावला नाही.

"सोमवारी आला होतात?"

"आलो ना. सारिकाताई चार वाजता मेंदीला गेली. मीबी थोड्या वेळानं निघालोच. बागेत काम पडलंय. घड उतरले, आता मायखोडं कापणं चाललंय. बुडाशी फुटलेलं पील कमरेइतकं झालं की माय कापून टाकायची. नाहीतर नुसती जागा खाते."

"सारिकाचा पासवर्ड?"

"तो तर कॅलेंडरमागं चिकटवलाय," ललित म्हणाला. "सगळ्या कचेरीला ठाऊक आहे."

"मग तिचंच नाव कशावरून, हे मला नंतर समजावून सांगा," इंदिराबाई म्हणाल्या आणि यंत्रासमोर बसल्या.

आधी त्यांनी दोन जुन्या आज्ञा दिल्या. डीएफ म्हणजे डिस्कलाच विचारणं, की बाई, तू किती भरलीस? डीयू म्हणजे फोल्डराफोल्डरातून हिंडून एकेक फाईल मोजणं. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी यायला हवीत.

डिस्क म्हणाली, चाळीस जीबी भरलेत. फायली मोजल्या तर निघाले एकतीस.

नानांची फाईल नऊ जीबीची होती.

'चोर तर गेला,' इंदिराबाईंनी मनात म्हटलं, 'मग त्याने नेलेल्या सामानाची जागा अजून कोण अडवून बसलंय?'

यंत्राला दुसरी एक मोठी डिस्क होती. ती जवळजवळ मोकळीच होती. तिच्यात सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी एक नवा फोल्डर केला होता. त्याचं नाव 'पील'. आत एकच नाव होतं, नानांच्या फायलीचं, तांबड्या अक्षरांत. उघडायला गेलं की यंत्र म्हणे, असं काही नाही.

"हे पील काय गं?"

सारिकाने मान हलवली. "मी नाही केलं. आमच्याकडे कापूस आणि बाजरी, मला काय कळतं?"

"आमच्या यादीत असलं काही नाही," ललित म्हणाला.

प्रेमराज खिडकीबाहेर बघत होते.

३

असोद्याची बस भरलेली होती. इंदिराबाई उभ्यानेच गेल्या. नानांच्या घरी एखादी जुनी प्रत मिळते का, ते पाहायचं होतं. खरं सांगायचं तर, झटका आल्यापासून त्या तिकडे एकदाच गेल्या होत्या. न बोलणाऱ्या नानांसमोर बसायचं त्यांच्या जिवावर येई.

२०१४च्या त्या उन्हाळ्यात याच माणसाने त्यांना हसवून हसवून बेजार केलं होतं. पती जाऊन वर्षच झालं होतं तेव्हा. नाना मधेच थांबून म्हणत, "बाई, हे हसणं काढून टाक बरं मशीनमधून. लोक म्हनतीन, केयीचा सल्ला देते का तमाशा करते." इंदिराबाईंनी ते काढलं नव्हतं. दोन-तीन ठिकाणी नानांच्या आवाजामागे त्यांचं स्वतःचं हसू होतं. घरात जे कुणी ऐकलं नव्हतं, ते रावेर-यावलच्या शेतकऱ्यांनी आठ वर्षं ऐकलं होतं.

ताईबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. आत खाटेवर नाना भिंतीला टेकून बसलेले. इंदिराबाईंना पाहून त्यांचा डावा हात किंचित उचलला गेला.

"ये बाई, बस आथी. आज कशी काय वाट चुकली?"

इंदिराबाईंनी सगळं सांगितलं. कुणी घरी प्रत आणली होती का, पेनड्राइव्हवर?

"पेनड्राइव्ह का काय ते पोरं जाणे. आमच्याकडे कोनी काही आनलं नाही. अन आवाज गेला म्हनतेस, तो कुठी गेला? बोलते ना ते."

"कोण?"

"हेच. मशीनमधले. रोज तीन वाजता मी नंबर लावते अन यांच्या कानाशी धरते. यांले बरं वाटते. बोटानं ठेका धरतात. कालबी बोलले."

"काल म्हणजे मंगळवारी? पंचमीला?"

"व्हय, पंचमीलेच. दिंडं खाल्ले अन मंग फोन लावला."

मंगळवारी सकाळीच फाईल नव्हती, हे सारिकाने पाहिलं होतं. दीड वर्ष रोज तेच ऐकणाऱ्या बाईला काल आणि परवा यात फरक कसा कळणार? एकटेपणात दिवस एकमेकांना चिकटतात, हे त्या स्वतः जाणून होत्या. पती गेल्यावर कितीतरी महिने त्यांना संध्याकाळी सहाला स्कूटरचा आवाज येई.

"परवा बोलले असतील," त्या हळूच म्हणाल्या.

"मी खोटं बोलते का?" ताईबाई तडकल्या. "यांले विचार!"

नाना पाहत होते. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं खाटेच्या दांडीवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. त्या वेळी इंदिराबाईंना वाटलं, ते रागावले आहेत.

परतीच्या बसला जागा मिळाली. तीन वाजले तेव्हा बस नुकती गावाबाहेर पडत होती.

४

गुरुवारी सकाळी नरडाण्याहून दिराचा निरोप आला. त्यांच्या गावचा एक माणूस बाराच्या गाडीने निघणार होता, त्याच्याकडे रोटाचे गहू द्यावेत. बोरशांची कानबाई नरडाण्याला थोरल्या घरी बसे आणि रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, प्रत्येक घराने माणशी सव्वा मूठ गहू धाडायचे, अशी त्यांची रीत होती. कोण आलं, कोण आलं नाही, हे बघायचं नाही. माणूस कुळात आहे ना, मग त्याची मूठ पिठात पडलीच पाहिजे.

इंदिराबाईंनी डबा उघडला. भूमिकाचं लग्न झालं, तिची मूठ आता दुसऱ्या कुळात. दिराच्या वहीत या घराचं एकच नाव उरलं होतं, इंदिराबाईंचं. पण नऊ वर्षं त्या स्वतःचे आणि पतीचे, दोघांचे गहू धाडत आल्या होत्या. पती गेल्यावर पहिल्या वर्षी जाऊबाई म्हणाल्या होत्या, "वहिनी, नावं मोजली तर मुठी जास्त भरतात तुमच्या." इंदिराबाई म्हणाल्या होत्या, "भरू द्या." नाव वहीतून काढलं होतं. पण मूठ त्यांनी सोडली नव्हती, म्हणून पिशवीत ती जागा अजून भरलेली होती.

मूठ हातातच राहिली.

नावं मोजली तर एक. गहू मोजले तर दोन.

नावं मोजली तर एकतीस. डिस्क मोजली तर चाळीस.

त्या पाटावर बसल्या. एकतीस वर्षं ज्या यंत्रांबरोबर काढली, त्यांची पहिली ओळख आपण विसरलो! युनिक्समध्ये फाईल काढून टाकली म्हणजे वहीतलं तिचं नाव खोडलं जातं, एवढंच. एखाद्या चालू कामाने ती हातात धरलेली असेल, तर तो हात सोडत नाही तोवर ती डिस्कवर तशीच राहते. नाव नसलेली, कुणाला न दिसणारी, पण जिवंत. हात सुटला की मात्र संपलं.

आणि नानांची फाईल कुणी धरली होती? फोनवरून आवाज ऐकवणाऱ्या कामाने. ते सोमवारच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं आणि तेव्हापासून थांबलं नव्हतं.

इंदिराबाईंनी मंडळाचा नंबर लावला. चार दाबलं.

"पान पिवयं पडलं म्हनून लगेच औषध मारू नको बाप्पा. पहिले बुडाशी बस. हात लावून पाय, काय म्हनते ते. केयीले आधी मानूस लागते, मंग औषध."

मागे एका बाईचं हसू होतं.

ताईबाई खरं बोलल्या होत्या. लाइन बंद झाल्याचा मेसेज सगळ्यांना गेला होता, म्हणून कुणी नंबर लावून पाहिलाच नाही. ताईबाईंच्या साध्या फोनवर मेसेज कुठून पोचणार? आणि नानांनी दांडीवर तीन वेळा बोटं आपटली होती. तीन वाजेपर्यंत थांब, एवढंच त्या माणसाला सांगायचं होतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. अकरा वाजता ललितचा माणूस यंत्र बंद करणार होता. त्यांनी सारिकाला फोन लावला. ती बसमध्ये होती, आवाज तुटत होता. तेवढं एकच वाक्य नीट ऐकू आलं.

"अक्का, कचेरीतून फोन होता, तो माणूस आज लवकर आलाय, साडेनऊलाच."

५

ललित फोन उचलेना, म्हणून गव्हाची पिशवी शेजारणीच्या हाती देऊन इंदिराबाईंनी रिक्षा पकडली. मंडळाचा जिना त्या चढल्या तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. आत एक दाढीवाला तरुण यंत्रासमोर वाकला होता आणि त्याचं बोट बटणावर होतं.

"हात काढ!"

सदुसष्ट वर्षांच्या बाईचा एवढा आवाज त्या कचेरीने कधी ऐकला नव्हता. तरुणाने हात असा मागे घेतला, जणू बटण तापलेलं होतं.

"मॅडम, काय हे?" ललित पुढे आला.

"तुमचा फोन काढा. मंडळाचा नंबर लावा. स्पीकर सुरू करा. आता चार दाबा."

"पण लाइन तर..."

"दाबा म्हणते ना!"

आणि त्या चार भिंतींत तोताराम भंगाळे बोलू लागले. ललितने फोनकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. दारात नुकतेच आलेले प्रेमराज जागच्या जागी खांबासारखे उभे राहिले.

"फाईल नाही, मग हे कुठून बोलतात?" ललितने विचारलं.

"आहे. तिचं नाव नाही, एवढंच. या पोराने बटण दाबलं असतं, तर खरंच गेली असती."

त्या बसल्या. कुठल्या कामाने कुठल्या फायली उघडून धरल्या आहेत, याची यादी मागवली. ओळीमागून ओळी सरकल्या आणि मधेच एक ओळ आली: नानांची फाईल, नऊ जीबी, आणि पुढे शेरा, काढून टाकलेली. चालू कामाच्या त्या मुठीतून फाईल वाचून दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, एवढंच उरलं होतं. त्यांनी आज्ञा दिली. सात-आठ मिनिटांचं काम.

दोन मिनिटं झाली नाहीत तोच वीज गेली.

पंखा थांबला. यंत्राखालची बॅटरी टीं टीं करू लागली.

"किती वेळ चालते ही?"

"नवी होती तेव्हा वीस मिनिटं," सारिका जिना चढून नुकतीच आत येत होती. "आता... चार-पाच."

कुणी सांगायच्या आत ललित कडक इस्त्रीच्या शर्टासह टेबलाखाली शिरला. "प्रिंटर काढतो! दुसरा पडदा काढतो! हे काय आहे?"

"तो तुमच्याच मोबाइलचा चार्जर," सारिका म्हणाली.

"काढा तोही!"

दाढीवाल्या पोराने धावत जाऊन शेजारच्या मशीनची वायरही उपटली. मग सगळे उभे राहिले. पडद्यावर आकडा चढत होता. पाच जीबी. सहा. टीं टीं जलद झालं. सात. इंदिराबाईंनी टेबलाची कड धरली होती. आठ. त्यांना वाटलं, आपण श्वास घेतला तरी वीज खर्च होईल.

नऊ.

"झालं," त्या म्हणाल्या. आणि यंत्र स्वतःच्याच हाताने, रीतसर, बंद केलं.

सावकाश त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत. कुणी पाहिलं नाही, कारण सगळे ललितला टेबलाखालून बाहेर ओढत होते.

६

अर्ध्या तासाने वीज आली. यंत्र चालू झालं आणि उतरवलेल्या फायलीतून नाना पुन्हा बोलले. मग इंदिराबाईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "आता काढली कुणी, ते बघू."

"सारिकाचं नाव..." ललितने सुरुवात केली.

"पासवर्ड कॅलेंडरमागे असतो, तेव्हा नाव कुणाचंच नसतं. नाव सोडा, रीत बघा. ज्याला फाईल नष्ट करायची असते, तो आधी दुसऱ्या डिस्कवर तिच्यासाठी घर बांधत नाही. इथे आधी फोल्डर झाला, त्यात फाईल ठेवली गेली आणि अर्ध्या तासाने मूळ फाईल काढली. म्हणजे त्या माणसाला फाईल वाचवायची होती. भरलेल्या डिस्कवरून मोकळ्या डिस्कवर न्यायची होती."

"पण तिथे तर फाईल नव्हती ना," सारिका म्हणाली.

"नव्हती. होती ती फक्त पाटी, म्हणजे शॉर्टकट. रस्त्यावर पाटी असते ना, अमक्याचं घर इकडे. पाटीवर बोट ठेवून आत गेलं की घर सापडतं, फाईल वाजते, मोजमापही बरोबर येतं. त्याला वाटलं, हेच घर. मग त्याने मूळ घर पाडलं. आता पाटी उभी आहे आणि ती कुठेच नेत नाही. म्हणून ते तांबडं अक्षर."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"आता सांगा, आधी नवा कोंब उभा करायचा, तो धरला याची खात्री करायची आणि मग जुनं खोड कापायचं, कारण ते नुसती जागा खातं. ही रीत कुणाची? सारिकाची नाही, तिच्या घरी कापूस. कापूस मुळासकट उपटतात. ललितभाऊंची नाही, त्यांना काढायचंच असतं तर ते सांगून, मेसेज टाकून काढतात. आणि फोल्डरचं नाव पील. केळीत ज्याचा जन्म गेला, तोच असं नाव ठेवील. पण केळीचं पील मायखोडाच्या कंदातून स्वतःची मुळं काढतं. या पिलाला मुळंच नव्हती."

प्रेमराजांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मीच कापली, अक्का," ते म्हणाले. "सारिकाताई डिस्क भरली म्हणून रडकुंडीला आली होती. म्हटलं, ती मेंदीहून येईपर्यंत करून ठेवावं, खूश होईल. दोनदा वाजवून पाहिलं. वाजलं. मंग कापली. जागा काही मोकळी झाली नाही, तेव्हाच समजायले पाहिजे होतं."

"मग मंगळवारी का बोलला नाहीत, काका?" सारिकाचा आवाज फुटला. "माझी नोकरी जात होती."

प्रेमराज टोपीकडे पाहत म्हणाले, "तोतारामनानांनी माही पहिली बाग उभी केली. मी त्यांचा आवाज मारला, हे कोनत्या तोंडानं सांगू? रोज ठरवून यायचो, आज सांगतो. काल सकायपासून बसलो होतो. केळी आनली. केळी देनं सोपं असते, पोरी."

सारिकाने त्यांच्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि गरम करून आणून ठेवला.

७

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात.

सारिकाची नोकरी राहिली. ललितने तिची माफी सगळ्यांसमोर मागितली, तीही मोठ्या आवाजात, कारण हळू बोलणं त्याला जमत नसे. दोन वर्षांनी तिचं लग्न नाशिकला झालं. आता ती एका इस्पितळाची यंत्रं सांभाळते आणि कॅलेंडरमागे काहीही चिकटवत नाही. ललितचं अ‍ॅप निघालं. बरं चालतं. प्रेमराजांनी संगणक सोडला नाही. त्यांनी नानांच्या फायलीच्या सहा प्रती करून सहा गावांत सहा माणसांकडे ठेवल्या आणि प्रत्येकीला खरोखर मुळं आहेत ना, हे दर अमावास्येला फोन करून विचारतात.

तोतारामनाना २०२३च्या पौषात गेले. शेवटपर्यंत तीन वाजता फोन कानाशी होता, असं ताईबाई सांगतात.

२०२४मध्ये मंडळाने जुनी लाइन बंद करायचं ठरवलं. इंदिराबाईंनी ते यंत्र नंबरासकट मागून घेतलं. ते आता त्यांच्या पुढच्या खोलीत आहे. कुणाचा फोन आला की त्यावर एक हिरवा दिवा लागतो. आवाज इकडे ऐकू येत नाही, फक्त दिवा दिसतो. महिनोन् महिने तो दिवसातून एकदाच लागत आला आहे. तीन वाजता.

गेल्या वैशाखात एक दिवस तो लागला नाही. इंदिराबाईंनी सव्वातीनपर्यंत वाट पाहिली, साडेतीनपर्यंत पाहिली, मग चष्मा घेऊन असोद्याची बस पकडली. ताईबाई ओट्यावर बसून पापड उलटत होत्या.

"फोनले चार्जिंग नव्हतं वं. दोन दिवसांपासून गावात लाइट नाही. अन तू येवढ्यासाठी उन्हात आली?"

"दिवा लागला नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

ताईबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आत जाऊन पाणी आणलं आणि एक ओला पापड हातावर ठेवला.

"इतके दिवस तू दिव्याकडे पाहत बसते अन मी मशीन ऐकत बसते. येडी का काय आपन दोघी?"

तेव्हापासून तीन वाजता हिरवा दिवा लागतो, पाच-सात मिनिटांनी विझतो. इंदिराबाई चहाचं आधण ठेवतात. ते उकळायच्या आत त्यांचा स्वतःचा फोन वाजतो.